स्टुडिओतला फोन कोण उचलतं?

मला एक खोड आहे. कुठल्याही नव्या गावात पोचले की बॅग उघडायच्या आधी मी रेडिओ लावते. मोबाईलवरचं अ‍ॅप नव्हे, खरा रेडिओ, अँटेना ओढून बाहेर काढावी लागते तसला, आणि ८७.५ पासून सुरू करून १०८ पर्यंत सावकाश काटा फिरवत जाते. (काटा कसला, आता नुसते आकडे पळतात, पण तोंडात काटाच बसलाय.) बरोबरचे लोक वैतागतात, नवरा तर खोलीबाहेर जाऊन उभा राहतो, पण मला त्याशिवाय त्या गावात आल्यासारखंच वाटत नाही.

बहुतेक वेळा काय होतं की चार-पाच स्टेशनं लागतात, सगळ्यांवर तोच उत्साहाने उतू जाणारा आवाज, तीच पंधरा-वीस गाणी फिरून फिरून, मध्ये ढॅणढॅण करत येणारं जिंगल, आणि अर्धा तास ऐकलं तरी आपण नक्की कुठल्या गावात बसलोय याचा पत्ता लागत नाही. आणि मग कधीतरी अगदी टोकाला, जरा खरखरत, एखादं स्टेशन सापडतं. तिथे कुणीतरी काही घाई नसल्यासारखं सांगत असतं की नदीकडचा रस्ता दुपारपर्यंत बंद आहे, आणि एक चष्मा सापडलाय, काळ्या काड्यांचा, ज्याचा असेल त्याने स्टेशनवर येऊन घेऊन जावा. तिथे माझं बोट थांबतं.

परवा यावरून एका मित्राशी चांगलंच वाजलं. त्याचं म्हणणं, लोकल स्टेशन भारी होतं ते आरजेमुळे आणि गाण्यांमुळे, बाकी काही नसतं त्यात. मी म्हटलं, स्टुडिओतला फोन वाजला की तो कुणी उचलतं का एवढं बघ, बाकीचं आपोआप कळतं. तो हसला. म्हणाला, म्हणजे तुझ्या मते रेडिओ स्टेशन म्हणजे टेलिफोन एक्स्चेंज. मला तेव्हा धड उत्तर सुचलं नाही (मला उत्तरं घरी आल्यावरच सुचतात), म्हणून ही पोस्ट.

अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यात मायनॉट नावाचं गाव आहे. १८ जानेवारी २००२ ला रात्री दीड वाजून गेल्यावर गावाच्या पश्चिम कडेला एक मालगाडी रुळावरून घसरली. गाडीत अमोनियाच्या टाक्या होत्या, त्यातल्या पाच जागच्या जागी फुटल्या आणि त्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत विषारी वायूचा ढग वस्तीवर पसरला. अशा वेळी लोकांना सांगायचं काय असतं, तर घराबाहेर पडू नका, दारंखिडक्या घट्ट लावून बसा, दोन वाक्यं. पोलिसांनी अशा प्रसंगासाठी ठरवून ठेवलेल्या रेडिओ स्टेशनला फोन लावला. कुणी उचलेना. गावातली सहाही व्यावसायिक स्टेशनं तेव्हा एकाच कंपनीच्या ताब्यात होती आणि रात्रीचा कारभार बराचसा आपोआप चालायचा. कंपनीने नंतर सांगितलं की स्टुडिओत माणूस होता, फोनची लाइन सतत बिझी होती, आणि पोलिसांनीच इशारा द्यायची यंत्रणा नीट वापरली नाही. हा वाद पुढे कितीतरी वर्षं चालला. त्या रात्री एक माणूस गेला, शेकडो लोकांना डोळ्यांचा आणि श्वासाचा त्रास झाला. कुणाची चूक किती ते मी इथे बसून ठरवणार नाही, पण एक चित्र माझ्या डोक्यातून जात नाही, बाहेर तो ढग आहे, बऱ्याच भागात लाइट गेलेत, लोक अंधारात सेलवरचे रेडिओ लावून बसलेत आणि रेडिओवर गाणी चालू आहेत.

आता कुणी म्हणेल की बाई, मालगाड्या काय रोज घसरतात का. नाही घसरत. आणि म्हणूनच तर चष्म्याची गोष्ट महत्त्वाची आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या कम्युनिटी स्टेशनवर (म्हणजे नफ्यासाठी नव्हे, तिथल्याच लोकांसाठी चालवलेलं स्टेशन) आठवड्यातून दोन संध्याकाळी जायचे, फुकट, हौस म्हणून. एक खोली, भिंतींना गाद्यांसारखं काहीतरी चिकटवलेलं, एक जुना कन्सोल ज्याचा तिसरा फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकती कळ) वर ढकलला की कुरकुरायचा, आणि कोपऱ्यात फोन. पहिल्याच आठवड्यात मी एका वस्तीचं नाव चुकीचं उच्चारलं, ‘ळ’च्या जागी ‘ल’ म्हटलं, एवढंच. गाणं सुरू झालं आणि फोन वाजायला लागला तो थांबेचना. ताई, नवीन आहात का? ताई, आमच्या गावाचं नाव असं नाही हो. एका आजोबांनी तर मला फोनवर तीनदा म्हणून दाखवायला लावलं आणि मगच सोडलं. मी रडकुंडीला आले होते, पण तिथली सिनिअर बाई शांतपणे म्हणाली, फोन आले ना, मग झालं, ज्या दिवशी तू चुकशील आणि कुणीच फोन करणार नाही त्या दिवशी काळजी कर.

त्यानंतर एकदा तर कहर केला. माइकचा फेडर खाली आणि मी आपली तल्लीन होऊन अख्खं हवामान वाचतेय, उद्या पाऊस, परवा पाऊस. रेडिओवर शुकशुकाट, ज्याला डेड एअर म्हणतात तो. मोठ्या स्टेशनांवर आवाज बंद पडला की लगेच ओरडणारी यंत्रं असतात, आमच्याकडे असलं काही नव्हतं, मिनिटभरात एका ऐकणाऱ्या बाईंचा फोन आला, ‘ताई, आवाज येत नाहीये, बटण बघा.’ मला त्या बाईंचं हसू आलं आणि नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की केवढी मोठी गोष्ट आहे ही. स्टेशन बंद पडलं तर आपण दुसरं लावतो. ती बाई उठून फोन करत होती. चष्मा हरवल्यावर जी माणसं स्टेशनला फोन करतात तीच उद्या आग लागली, पूर आला, पूल गेला तरी करणार, कारण त्यांना अनुभवाने माहिती झालेलं असतं की तिकडून कुणीतरी ‘हां, बोला’ म्हणतं. ही सवय संकटाच्या दिवशी लागत नाही, आधीची दहा वर्षं चष्मे आणि छत्र्या शोधून द्याव्या लागतात.

(तो काळ्या काड्यांचा चष्मा नव्हता आमचा, आमच्याकडे एकदा कवळी आली होती. ती न्यायला कुणी आलं नाही. अजून तिथल्या ड्रॉवरमध्ये असेल.)

आयर्लंडमधल्या बऱ्याच लोकल स्टेशनांवर रोज ठरलेल्या वेळी गावातल्या निधनवार्ता वाचतात. नाव, राहण्याचं ठिकाण, अंत्यविधी कधी आणि कुठे. एवढंच, मागे ना म्युझिक ना काही. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला जरा विचित्र वाटलं होतं, पण ज्यांनी ऐकलंय त्यांना विचारा, घरात सगळे गप्प होतात म्हणे त्या पाच मिनिटांत. तसंच अमेरिकेतल्या छोट्या गावांत जुन्या वस्तू विकायचा फोन-इन असतो, कुणाला ट्रॅक्टरचं टायर विकायचंय, कुणाला पाळणा हवाय, लोक फोन करतात आणि बोलतात, तासभर नुसतं हेच. रेडिओवाल्यांच्या भाषेत हा अगदीच स्वस्तातला कार्यक्रम, ना स्क्रिप्ट ना सेलिब्रिटी. पण पाळणा विकायला काढलाय म्हटल्यावर ऐकणाऱ्याला एक अख्खं घर दिसतं की नाही? मला तरी दिसतं.

मित्राचा पुढचा मुद्दा होता की फोन काय, कॉल सेंटरवालेही उचलतात. बरोबर आहे. उचलणाऱ्याला कळलंही पाहिजे. आणि इथे भाषेचा विषय येतो, ज्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, सहन करा.

१७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी जपानमध्ये कोबे शहराला भूकंप झाला, ६,४०० पेक्षा जास्त माणसं गेली. शहरातल्या नागाता भागात कोरियन वंशाचे लोक पिढ्यानपिढ्या राहत होते, नंतर आलेले व्हिएतनामी लोकही होते, आणि सरकारी सूचना सगळ्या जपानीत. पाणी कुठे मिळेल, निवारा कुठे आहे, कुठला फॉर्म भरायचा, ज्याला जपानी नीट येत नाही त्याने काय करायचं. तर दोन आठवड्यांच्या आत, ३० जानेवारीला, तिथे एक पिटुकलं कोरियन रेडिओ स्टेशन सुरू झालं, लायसन्स वगैरे काही नसताना. नाव काय ठेवलं माहितीये? ‘एफएम योबोसेयो’. कोरियन माणूस फोन उचलल्यावर जे म्हणतो ना, तो शब्द. म्हणजे आपलं ‘हॅलो’. मी हे वाचलं तेव्हा मित्राला ताबडतोब मेसेज टाकला, बघ म्हटलं, टेलिफोन एक्स्चेंज! पुढे एप्रिलमध्ये व्हिएतनामी आणि इतर भाषांसाठी ‘एफएम युमेन’ निघालं, जुलैत दोन्ही एकत्र येऊन ‘एफएम वायवाय’ झालं आणि १९९६ मध्ये त्यांना रीतसर लायसन्सही मिळालं. जपानमध्ये पुढे २०११ च्या त्सुनामीनंतर तर गावोगावी तात्पुरती आपत्ती-स्टेशनं उभी राहिली, एखाद्या नगरपालिकेच्या खोलीत टेबल टाकून, आणि दिवसभर काय तर पाणी कुठे, आंघोळीची सोय कुठे, कोण कुणाला शोधतंय.

संकटाशिवायसुद्धा हे होतं. बीबीसीचं पहिलं लोकल स्टेशन लेस्टर शहरात ८ नोव्हेंबर १९६७ ला सुरू झालं. पाचेक वर्षांत, १९७२ मध्ये, युगांडातून हाकलले गेलेले हजारो भारतीय वंशाचे लोक त्या शहरात येऊन राहिले, शहराचा चेहरा बदलला, आणि तणावही वाढला, रस्त्यावरचा, राजकारणातला. स्टेशनला दोन गोष्टी करता आल्या असत्या. आपण बरं, आपले जुने श्रोते बरे असं म्हणून बसायचं, किंवा खिडकीतून बाहेर बघायचं. त्यांनी १९७६ मध्ये या नव्या लोकांसाठी ‘सिक्स ओक्लॉक शो’ नावाचा संध्याकाळचा रोजचा कार्यक्रम चालू केला. आज बीबीसीचं एशियन नेटवर्क म्हणून जे देशभर ऐकू येतं त्याचं मूळ तिथे आहे. लोकल या शब्दाचा अर्थ ‘इथले जुने’ असा घेतला असता तर हे झालंच नसतं. आज दारात जो उभा आहे तो लोकल, मग तो काल आलेला असू दे.

आणि आपल्या देशातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे संघम रेडिओ. तेलंगणात जहीराबादजवळ माचनूर नावाचं खेडं आहे, तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या दलित शेतकरी बायका हे स्टेशन चालवतात. स्टुडिओ १९९८ मध्येच उभा राहिला, युनेस्कोच्या मदतीने, पण प्रसारणाची परवानगी नाही! मग काय करायचं, त्या बायकांनी कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवले आणि कॅसेटी गावोगावच्या बैठकींत वाजवल्या. थोडेथोडके नाही, दहा वर्षं. १५ ऑक्टोबर २००८ ला शेवटी ९०.४ वर आवाज हवेत गेला. जनरल नरसम्मा आणि अल्गोल नरसम्मा या दोघींनी ते स्टेशन सांभाळलं, बोलायचं बियाण्यांबद्दल, ज्वारी-बाजरीबद्दल, अंगणातल्या औषधी झाडपाल्याबद्दल, आणि तेही पुस्तकी तेलुगूत नाही, त्यांच्या घरातल्या तेलुगूत. मला वाटतं की रेडिओवर आपली बोली ऐकू येणं ही काय चीज आहे हे प्रमाण भाषा बोलणाऱ्याला कधीच कळणार नाही. ज्याची बोली आयुष्यभर चेष्टेचा विषय झालीये त्याला विचारा. आरजे निवडताना ‘उच्चार शुद्ध हवेत’ ही अट घालणाऱ्यांना मी एक दिवस त्या कुरकुरणाऱ्या फेडरपुढे बसवणार आहे.

हे सगळं आपल्याकडे इतकं उशिरा का झालं त्याचंही एक कारण आहे. ९ फेब्रुवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. सांगितलं, पण शिक्षणसंस्थांना कम्युनिटी रेडिओची दारं उघडायला २००२ उजाडलं आणि गावातल्या संस्थांना २००६. पहिलं स्टेशन अण्णा एफएम, चेन्नईच्या विद्यापीठात, १ फेब्रुवारी २००४. आता देशात अशी पाचशेच्या आसपास स्टेशनं आहेत, आपल्याकडे म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी बऱ्याच जणांनी ऐकली असेल. ताकद किती, तर १०० वॉट, दिव्याच्या जुन्या बल्बएवढी. पल्ला पाच-दहा किलोमीटर, टॉवरची उंची जास्तीत जास्त ३० मीटर. एफएमची लहर साधारण नजरेच्या रेषेत जाते, मध्ये डोंगर आला की संपलं. नियम असाही आहे की निदान निम्मा कार्यक्रम तिथल्या लोकांच्या सहभागातून झाला पाहिजे.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही ती म्हणजे बातम्यांवरची बंदी. आपल्याकडे ना खाजगी एफएमला ना कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येतात, आकाशवाणीच्या बातम्या काय त्या लावायच्या. हवामान, रस्ते, पाणीपुरवठा, परीक्षांचे निकाल, हे चालतं, कारण ती ‘माहिती’. म्हणजे नळाला पाणी येणार नाही हे सांगायचं, का येणार नाही हे विचारायचं नाही. अर्धा फोन उचलायचा, असंच झालं ना हे? शेजारी नेपाळमध्ये १९९७ मध्ये रेडिओ सगरमाथा सुरू झालं, दक्षिण आशियातलं पहिलं स्वतंत्र कम्युनिटी स्टेशन. २००५ च्या फेब्रुवारीत राजा ज्ञानेंद्र यांनी सत्ता हातात घेतली आणि एफएमवर बातम्यांना बंदी घातली, फक्त गाणी वाजवा म्हणाले. तर काही ठिकाणी पत्रकारांनी बातम्या चक्क गाऊन सांगितल्या. गाणीच हवीत ना, घ्या गाणी! मला हे इतकं आवडलं की मी दोन दिवस घरात सगळं गाऊनच सांगत होते.

गाण्यांवरून आठवलं, मित्राचा गाण्यांचा मुद्दा मी सोडलेला नाही. गाणी महत्त्वाची आहेतच, पण जी गाणी मला फोनमध्ये कधीही मिळतात त्यासाठी मी लोकल स्टेशन का लावू? न्यू ऑर्लिन्सला १९८० पासून डब्ल्यूडब्ल्यूओझी नावाचं स्टेशन आहे, त्या शहराचं जॅझ, ब्लूज आणि काय काय वाजवतं, बरेचसे डीजे स्वयंसेवक. गाणी चांगली आहेतच, पण मला भारी वाटतं ते त्यांचं एक तास सोडून एक तास येणारं वाचन. आज रात्री शहरात कुठल्या क्लबात कोण वाजवणार आहे, किती वाजता, यादीच्या यादी. म्हणजे आत्ता जी ट्रम्पेट ऐकली ती वाजवणारा माणूस तुमच्या घरापासून वीस मिनिटांवर रात्री उभा असणार आहे, उठा आणि जा. स्ट्रीमिंगचं अ‍ॅप तुम्हाला ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणून सांगेल, पण घरातून उठवणार नाही.

त्याच शहरात २९ ऑगस्ट २००५ ला कतरिना वादळ आलं. डब्ल्यूडब्ल्यूएल हे तिथलं जुनं मीडियम वेव्ह स्टेशन, ८७० वर, ५०,००० वॉट. टीव्ही बंद, वर्तमानपत्र नाही, मोबाईल लागला तर लागला, आणि पाण्याने वेढलेल्या घरांतून, माळ्यांवरून लोक त्या स्टेशनला फोन करत होते आणि आरजे त्यांच्याशी ऑन एअर बोलत होते. एरवी एकमेकांच्या जाहिराती पळवणाऱ्या दोन कंपन्यांनी आपली स्टेशनं जोडून टाकली आणि एकच प्रसारण सगळीकडे सोडलं. आणि मीडियम वेव्हची गंमत अशी की रात्री वातावरणातला एक थर विरतो आणि लहरी आणखी वरच्या थरावरून परतून शेकडो मैल लांब जातात, त्यामुळे दुसऱ्या राज्यांत पळून गेलेली माणसं तिथे गाडीत बसून आपल्या गावाची खबर ऐकत होती. ते वर म्हटलेलं ओझी स्टेशन तर बंदच पडलं होतं, त्याने न्यू जर्सीतल्या दुसऱ्या एका स्टेशनच्या मदतीने इंटरनेटवर ‘निर्वासित’ अवस्थेत प्रसारण चालवलं. सर्व्हर दोन हजार किलोमीटर लांब, तरी स्टेशन न्यू ऑर्लिन्सचंच. त्यामुळे ‘लोकल म्हणजे टॉवर गावात असणं’ हे मी म्हणणार नाही. टॉवर गावात असून स्टेशन गावचं नाही अशी उदाहरणं ढीगभर आहेत.

ती कशी तयार होतात हे एकदा बघितलं की रेडिओ ऐकण्याची मजा थोडी जाते, तरी सांगते. व्हॉइस ट्रॅकिंग म्हणून प्रकार असतो. चार तासांच्या शोमध्ये आरजे प्रत्यक्ष बोलतो किती, दोन गाण्यांच्या मधल्या लिंका धरून पंधरा-वीस मिनिटं. मग त्याला त्या लिंका सलग रेकॉर्ड करायला लावायच्या, अर्ध्या तासात शो तयार, कॉम्प्युटर गाण्यांच्या मध्ये बरोबर बसवतो. मग म्हणायचं, तू आता दुसऱ्या शहराचाही शो कर, फक्त नावं बदल. मग तिसऱ्या. तो ‘काय मस्त संध्याकाळ आहे मित्रांनो’ म्हणतो तेव्हा सकाळचे अकरा वाजलेले असतात आणि तो ज्या शहराशी बोलतोय तिथे त्याने पाऊलही ठेवलेलं नसतं. त्या आरजेला दोष देऊ नका, त्याची नोकरी आहे ती. कान देऊन ऐकलंत तर पकडता येतं, असा आरजे कधीही वेळ सांगत नाही, पाऊस पडतोय म्हणत नाही, आणि रस्त्यांची नावं घेतली तर जपून, दोन मुख्य रस्त्यांचीच घेतो. ‘ळ’ची चूकसुद्धा करत नाही तो, कारण ‘ळ’ असलेल्या वस्तीपर्यंत तो जातच नाही.

आणि हे फक्त खाजगीवाले करतात असं नाही. इंग्लंडमध्ये २०२३ मध्ये बीबीसीने आपल्या लोकल स्टेशनांचे दुपारनंतरचे बरेचसे कार्यक्रम शेजारच्या स्टेशनांत वाटून दिले, खर्च कमी करायला, कर्मचारी संपावरही गेले. खर्च खराच आहे, मी नाकारत नाही. रात्री अडीच वाजता एका माणसाला कन्सोलपुढे पगार देऊन बसवायचं, आणि कशासाठी, तर कदाचित फोन वाजेल म्हणून. कुठल्याही अकाउंटंटला हे पटवून दाखवा! बोलिव्हियात टिनच्या खाणीतल्या कामगारांनी १९४०-५० च्या दशकांपासून स्वतःची स्टेशनं चालवली, आपल्या मजुरीतून पैसे कापून देऊन. ज्यांच्या पोटाला चिमटा तेच मालक, त्यामुळे त्यांना माइकपर्यंत जायला कुणाची परवानगी लागत नव्हती. सगळीकडे असं होणार नाही हे मला कळतं. पण पैसा कुणाचा आहे त्यावर फोन कुणाचा उचलला जाणार हे ठरतं, इतपत तरी मान्य करायला हरकत नसावी.

इंटरनेट आल्यावर लोकल रेडिओ मेला असं पंचवीस वर्षं ऐकतेय. श्रीलंकेत कोत्मले नावाचं एक स्टेशन होतं, १९८९ पासूनचं, तिथे १९९९ मध्ये इंटरनेट आलं, परिसरात दुसरीकडे कुठेही नव्हतं. त्यांनी काय केलं, तर लोकांनी प्रश्न विचारायचे, पिकावर कसली कीड आलीये, अमुक आजार म्हणजे काय, आणि निवेदक ते इंटरनेटवर शोधून, तिथल्या भाषेत सोपं करून रेडिओवर सांगायचे, कधी डॉक्टर किंवा जाणकार माणसाला बरोबर बसवून. सर्च इंजिनच की, पण समोर बसलेलं, ओळखीचं, आणि ‘थांबा हं, बघून सांगते’ म्हणणारं. आणि नॉर्वेने २०१७ मध्ये देशपातळीवरचं एफएम बंद करून सगळं डिजिटल केलं तेव्हा एफएमवर मागे राहिली कोण? बरीचशी लोकल स्टेशनं.

असो. मित्राला हे सगळं सांगून झालं तर तो म्हणतो, बरं, मग तू कधी फोन करून बघितलास का? म्हणजे स्वतः, अनोळखी स्टेशनला?

नव्हता केला. इतकी वर्षं नुसती ऐकत होते. म्हणून मागच्या प्रवासात, रात्री पावणेबारा वाजले असतील, टोकाला एक स्टेशन खरखरत होतं, त्यांनी सांगितलेला नंबर मी लिहून घेतला आणि लावला. एक रिंग, दोन, पाच. सातव्या रिंगला उचलला. एक माणूस, तोंडात काहीतरी असावं, म्हणाला, ‘एक मिनिट हं, गाणं संपतंय,’ आणि फोन तसाच टेबलावर ठेवून दिला. मग मला तो दोनदा ऐकू आला, एकदा फोनमधून खोलीतल्यासारखा आणि एकदा माझ्या उशाशी रेडिओतून, अकरा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं झालीयेत, बाहेर चांगलं धुकं आहे, घाटात गाडी चालवणाऱ्यांनी जरा बेतानं. पुढचं गाणं लागलं. फोन उचलल्याचा आवाज झाला.

‘हां, बोला.’

माझ्याकडे विचारण्यासारखं काहीच नव्हतं. मी म्हटलं, आधीचं गाणं कुठलं होतं हो? तो म्हणाला, ‘आवडलं का? थांबा, परत लावतो.’